फिलिपिनो चित्रकार विसेंते मनानसाला यांचा 'पारदर्शक घनवाद' पिकासोपेक्षा वेगळा कसा? जलरंगात तो कसा जमवायचा?

पिकासो आणि त्यांचे सहकारी चित्रकार ब्राक यांच्या 1910 च्या आसपासच्या घनवादी (क्यूबिस्ट, म्हणजे आकृती कोनदार तुकड्यांत फोडणाऱ्या) चित्रांत माणूस शोधावा लागतो. करड्या-तपकिरी तुकड्यांत तो हरवलेला असतो. मनानसालांकडे शोधाशोध नाही. आई आईच दिसते, कोंबडा कोंबडाच. ते आकृती फोडत नाहीत. रंगीत काचांसारखे कोनदार तुकडे तिच्यावरून जातात आणि मागचं सगळं आरपार दिसत राहतं. 1950 मध्ये पॅरिसला शिकताना त्यांचा फ्रेंच घनवादी चित्रकार फेर्नां लेजेशी संबंध आला, पण त्यांचे विषय मनिलाचेच: जीपनी (जीपसारख्या प्रवासी गाड्या), फेरीवाल्या, झुंजीचे कोंबडे, युद्धानंतरच्या पत्र्याच्या खोपट्या. त्याच वर्षीचं त्यांचं 'मॅडोना ऑफ द स्लम्स' हे चित्र आधी बघा. त्यातली माय-लेकरं झोपडपट्टीतली आहेत. माझ्या मते ही शैली त्या दाटीवाटीला शोभते, कारण तिथे कोणीच कोणाच्या आड पूर्ण लपत नाही.

आता करून बघायचं तर सगळी मेख दोन तुकडे जिथे एकमेकांवर येतात तिथे आहे. तिथला रंग दोन्हींपेक्षा गडद ठेवलात तर रंगीत काच वाटते. दोन्हींच्या मधला ठेवलात तर तलम पडदा वाटतो. तिसराच, नात्यात न बसणारा रंग आला की पारदर्शकता मोडते आणि नुसतं ठिगळ दिसतं.

300 जीएसएमचा (जाड) कागद घ्या. आकृती पेन्सिलने पूर्ण काढा, मग पाच-सहा लांब सरळ रेषा अंगातून थेट पार्श्वभूमीत न्या. रेषा अंगाच्या कडेशी थांबल्या तर आकृती कापून चिकटवल्यासारखी दिसते; नवशिक्यांची नेहमीची चूक हीच. आधी फिका पिवळा, मग गुलाबी, शेवटी निळा. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. कागद हाताला गार लागत असेल तर तो अजून ओला आहे. दुसरा थर एकाच फटकाऱ्यात लावा, घासलात तर खालचा उठतो. कॅडमियमचे रंग टाळा, ते अपारदर्शक असतात. शक्यतो तीनच थर द्या, चौथ्याला चिखल व्हायला लागतो. चेहऱ्यावर तुकडे कमी ठेवा, हातांवर आणि कपड्यांवर मनसोक्त.

तैलरंगात थर वाळायची वाट बघायची नसेल, तर दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथला रंग पॅलेटवरच कालवून तेवढा भाग वेगळा भरा. डोळा तेवढ्यानेही फसतो.