बॉनेट बंदच राहणार असेल, तर आत वायरी कशाला?

तुमचे प्रश्न तीन आहेत. जॅग्वार ई-टाइप या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या १:२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या) मॉडेल किटमध्ये इंजिनाला स्पार्क प्लगच्या वायरी जोडाव्यात का, जोडायच्या तर किती जाडीच्या, आणि रंगवलेली बॉडी खेळण्यासारखी दिसू नये म्हणून काय करावे. पहिल्या प्रश्नाबाबत मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण याच वायरींवरून माझे आणि माझ्या थोरल्या मावसभावाचे गेली सहा वर्षे बिनसलेले आहे.

वायरी जरूर जोडाव्यात. “बॉनेट बंद असल्यावर आतले कोण पाहणार?” हा आक्षेप एखाद्या साध्या गाडीच्या बाबतीत टिकेल, ई-टाइपच्या बाबतीत टिकत नाही. या गाडीचे बॉनेट म्हणजे इंजिनावरचे नुसते झाकण नव्हे. दोन्ही मडगार्ड, दिव्यांच्या खोबणी आणि पुढचे नाक असा सगळा भाग एकसंध उचलला जातो आणि अगदी पुढच्या टोकाच्या बिजागरीवर कलतो. तो उघडला की चाके, नळ्यांची चौकट आणि तिच्यात बसवलेले सहा सिलिंडरांचे लांबलचक इंजिन हे सारे एकदम उघड्यावर येते. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हात ही गाडी लोकांसमोर आली तेव्हापासून तिचे निम्मे सौंदर्य या उघडलेल्या अवस्थेतच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ३७८१ घनसेंमीच्या त्या इंजिनावर चकचकीत अॅल्युमिनियमची दोन लांब कॅम-कव्हरे (वरची झाकणे) असतात, त्यांच्या मधल्या खाचेत प्लग असतात आणि उजव्या अंगाला तीन एसयू कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोलचे मिश्रण करणारी उपकरणे) असतात. वायरींवाचून हे इंजिन रंगवलेल्या साबणाच्या वडीसारखे दिसते. जाता जाता सांगतो, ३.८ लिटरच्या इंजिनाचे सिलिंडर हेड सोनेरी छटेचे असे. माझ्या किटच्या सूचनापत्रात मात्र ते सरसकट चंदेरी रंगवायला सांगितले होते. सूचनापत्रापेक्षा खऱ्या गाडीच्या फोटोंवर विश्वास ठेवावा.

जाडीचा हिशेब सोपा आहे. खऱ्या गाडीत प्लगची वायर साधारण ७ मिमी जाड असते, तिला २४ ने भागले की ०.२९ मिमी येतात, म्हणून ०.३ मिमीची वायर घ्यावी. तयार संचांतून पुष्कळदा ०.५ मिमीची वायर येते. ती प्रत्यक्षात १२ मिमी जाडीची झाली आणि इंजिनावर झाडांना पाणी घालायची नळी गुंडाळल्यासारखी दिसते. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना आळीपाळीने वीज वाटणारा भाग; त्याच्या कॅपला कडेने सहा छिद्रे आणि मध्यभागी इग्निशन कॉइलकडून वीज आणणाऱ्या वायरीसाठी सातवे छिद्र पाडावे लागते. या मापात ती कॅप जेमतेम ३ मिमी रुंद असल्यामुळे छिद्रे पिन व्हाइसने (बारीक ड्रिल धरायच्या मुठीने), हाताने आणि घाई न करता पाडावीत.

आता मूळ भांडणाकडे येतो. माझी पहिली ई-टाइप बांधताना मी सहाही वायरी फायरिंग ऑर्डरप्रमाणे, म्हणजे सिलिंडरांत ज्या क्रमाने ठिणगी पडते त्या क्रमाने, जोडायचे ठरवले. या इंजिनाचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे, तो मला ठाऊक होता. सरळ रांगेतल्या इंजिनांत एक नंबरचा सिलिंडर बहुधा पुढे, पुलीच्या बाजूला धरतात, तसा मीही धरला. चार रविवार त्या सात वायरींत गेले. दादा, म्हणजे तोच मावसभाऊ, आयुष्यभर गाड्यांची इंजिने उघडत आलेला माणूस आहे आणि त्या चारही रविवारी तो मला एकच वाक्य ऐकवत होता : “अरे, बॉनेट लावल्यावर हे कुणाला दिसणार आहे?” काम पूर्ण झाले त्या दिवशी घरी बरीच मंडळी जमली होती. दादाने बॉनेट उचलले, खिशातून टॉर्च काढला, चष्मा कपाळावर सरकवून आत पाच मिनिटे पाहिले आणि विचारले, “एक नंबर कुठून मोजलास?” मी म्हणालो, “पुढून.” त्यावर तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “जॅग्वारच्या या इंजिनात एक नंबर मागे असतो, ड्रायव्हरच्या बाजूला. सगळ्या वायरी चुकल्या तुझ्या. ही गाडी काही सुरू व्हायची नाही.” मंडळी हसली. हसायला काही हरकत नव्हती. पण जे कुणाला दिसणार नाही असे चार आठवडे सांगितले गेले, ते सांगणाऱ्यालाच टॉर्च लावून पाहावेसे वाटले, हे त्या वेळी कुणाच्याही ध्यानात आले नाही, अगदी माझ्याही नाही.

त्याच रात्री मी सहाही वायरी उपटून काढल्या. त्या नादात कॅपची दोन छिद्रे एकमेकांत फाटली आणि ती टाकून द्यावी लागली. अॅल्युमिनियमच्या कांडीतून नवी कॅप कापून, तिला छिद्रे पाडून झाल्यावर, या खेपेस तरी चुकायला नको म्हणून मी जोडणीचा आराखडा कागदावर मांडला, आणि तेव्हा मला जे आढळले ते आजवर दादाने मान्य केलेले नाही. पुढून मोजलेला एक म्हणजे मागून मोजलेला सहा, पुढून पाच म्हणजे मागून दोन, पुढून तीन म्हणजे मागून चार. या रीतीने माझा “चुकीचा” क्रम मागून मोजून लिहिला तर ६-२-४-१-५-३ असा येतो. कॅप वर्तुळाकार असल्यामुळे हा क्रम कुठूनही वाचायला मोकळीक आहे; एकपासून वाचायला घेतला की १-५-३-६-२-४ असाच मिळतो. म्हणजे इंजिन कोणत्याही टोकाकडून मोजले तरी वायरी एकमेकींच्या मागे त्याच क्रमाने येतात. फरक पडतो तो फक्त अर्ध्या फेऱ्याचा : एकची वायर सहाच्या जागी आणि सहाची एकच्या जागी.

दादाचे म्हणणे असे की अर्ध्या फेऱ्याचा फरक म्हणजे चूकच, कारण एक आणि सहा नंबरचे पिस्टन बरोबरच वर येतात आणि अशा जोडणीत ठिणगी कॉम्प्रेशनच्या (मिश्रण दाबले जाण्याच्या) शेवटी न पडता एक्झॉस्टच्या (जळका वायू बाहेर जाण्याच्या) शेवटी पडेल. खऱ्या इंजिनाच्या बाबतीत त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. परंतु माझ्या ३ मिमीच्या कॅपवर एक नंबरची खूण कुठे होती? आत वीज वाटणारा फिरता रोटर होता काय? ती कॅप तिच्या जागी अर्धी फिरवली असती तर त्याच वायरी बिनचूक ठरल्या असत्या, आणि न फिरवताही त्या चूक आहेत हे जगातला कोणताही मेकॅनिक नुसते पाहून सिद्ध करू शकला नसता. दादाने वायरींत चूक शोधलीच नव्हती. त्याने माझ्या उत्तरात चूक शोधली होती. “पुढून” हा शब्द मी उच्चारला नसता तर माझे चार रविवार वाचले असते. म्हणून तुम्हाला सल्ला असा की आधी कागदावर वर्तुळ काढून जोडणी मांडा, मग वायर कापा, आणि काम वाळेपर्यंत अनुभवी माणसाच्या कोणत्याही प्रश्नाला उत्तर देऊ नका.

रंगाबद्दल थोडक्यात लिहितो. मॉडेल खेळण्यासारखे दिसते ते रंगाच्या छटेमुळे क्वचितच. बहुतेक वेळा ते जाडीमुळे दिसते. खऱ्या गाडीत दार आणि बॉडी यांच्यात ४ मिमीची फट असेल तर तुमच्याकडे ती ०.१७ मिमीची असायला हवी, आणि प्राइमर (रंगाखालचा पहिला थर), रंग व क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) यांच्या थरांनी ती सहज बुजते. म्हणून प्राइमरच्या आधीच रेघा पुन्हा कोरून खोल कराव्यात आणि रंग पातळ थरांत, वेळ देऊन मारावा. मेटॅलिक रंगातले कण लहान गाडीवर वाळूसारखे दिसतात, तेव्हा पहिल्या खेपेस साधा एकसलग रंग घ्यावा. इनॅमल रंगावर लॅकर रंग कधीही मारू नये, कारण लॅकरचा थिनर खालचा इनॅमल उचलतो आणि सगळी बॉडी सुरकुतते. लॅकरवर इनॅमल चालतो. शेवटचा थर पुरता कडक झाल्यावर ४००० पासून १२००० पर्यंतच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासावे, मात्र कडांवर हात हलका ठेवावा. दिव्यांवरची पारदर्शक झाकणे सुपरग्लूने चिकटवू नका, त्याच्या वाफेने ती पांढुरकी पडतात. साधा पांढरा गोंद पुरतो. तारांच्या चाकांबद्दल विचारले नाहीत ते बरे झाले. खऱ्या चाकात ७२ तारा असतात आणि किटमधल्या चाकात त्या जागी जाळीदार प्लास्टिक असते. त्या भानगडीत मी अजून पडलेलो नाही.

आता काही गोष्टी मघाशीच सांगायला हव्या होत्या. तुमच्या किटमध्ये बॉनेट उघडण्याची सोय नसेल आणि तुम्ही ते कायमचे चिकटवणार असाल, तर वायरींचा आग्रह माझाही नाही. हे तुमचे पहिलेच किट असेल तर आधी बॉडी नीट रंगवायला शिका, इंजिन पुढच्या गाडीसाठी ठेवा. शिवाय वरचा सगळा हिशेब सहा सिलिंडरांच्या गाडीचा आहे. ३.८ ला आणि १९६४ च्या अखेरीस आलेल्या ४.२ ला तो सारखाच लागू पडतो, पण १९७१ च्या तिसऱ्या मालिकेत ५.३ लिटरचे व्ही-१२ इंजिन आले आणि त्याला प्लगही बारा आहेत. त्या गाडीचे रेझिनचे एक किट माझ्या कपाटात तीन वर्षे पडून आहे. ते उघडले की दादाला काही विचारण्याची वेळ येईल, म्हणून अजून उघडलेले नाही.