माती खाऊन गांडुळाचं पोट भरतं तरी कसं?

प्रश्न: गांडुळाला दात नाहीत, जबडा नाही, तरी ते माती खात असतं. मातीत असं काय असतं की त्यावर ते जगतं? आणि शेवटी मातीच बाहेर टाकायची तर खायची कशाला?

उत्तर: मुळात माती हे त्याचं खाणं नाहीच, मातीबरोबर जे पोटात जातं ते खाणं. कुजकी पानं, मुळांचे तुकडे, बुरशी, बॅक्टेरिया सगळं मातीत कालवलेलं, आणि निवडत बसायला याच्याकडे हात ना दात, म्हणून सरसकट गिळायचं. तोंडामागचा घसा चांगला दणकट स्नायूंचा असतो, तो माती आत ओढून घेतो आणि वर चिकट स्राव सोडतो.

खरी गंमत पुढे, गिझार्डमध्ये. जाड स्नायूंची छोटीशी थैली, आतून टणक अस्तर, ती आवळली की वाळूचे कण एकमेकांवर घासून पानांचा पार भुगा करतात, म्हणजे जातं याचं पण दगड मातीतले! माती कशाला खायची त्याचं अर्धं उत्तर इथेच आलं. लुंब्रिकस नावाच्या गांडुळात गिझार्डच्या आधी अन्न साठवायची पिशवी असते, फेरेटिमा नावाच्या दुसऱ्या गांडुळात ती नसते, त्यामुळे दोन पुस्तकांत दोन वेगळ्या आकृत्या दिसल्या तर गोंधळू नका, पुस्तक चुकलेलं नाही, गांडूळ वेगळं आहे.

मग आतडं. जवळपास सगळं शरीर यानेच भरलेलं. इथे एन्झाइम्स स्टार्च, प्रथिनं, चरबी फोडतात, आणि पानांतलं सेल्युलोज, म्हणजे चिवट तंतुमय भाग, पचवायला मातीतून आलेले बॅक्टेरियाही हातभार लावतात. आतडं आडवं कापून बघितलं तर वरच्या बाजूने एक घडी आत लोंबताना दिसते, तिचं नाव टिफ्लोसोल. नळी तेवढीच, पण या घडीमुळे आतला पृष्ठभाग बराच वाढतो आणि पचलेलं जास्त अन्न रक्तात जातं. आतड्याच्या बाहेरून पिवळसर पेशींचा थर असतो, तो ग्लायकोजेन (साखरेचं साठवणीचं रूप) आणि चरबी साठवतो, साधारण आपल्या लिव्हरचं काम.

आणि बाहेर पडते ती काही तीच माती नसते. बारीक दळलेली, स्रावाने बांधली गेलेली, आणि त्यातला नायट्रोजन, फॉस्फरस झाडांना सहज घेता येईल अशा रूपात आलेला असतो. पावसाळ्यात जमिनीवर गोळ्यागोळ्यांचे ढीग दिसतात ना, तीच ही विष्ठा, पण सगळी गांडुळं ती वर आणून टाकत नाहीत, काही जाती खाली बिळातच सोडतात.