आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, तरी बोटं सुजलेलीच

प्रश्न : मी निपाणीजवळच्या खेड्यात राहते, वय ३९. लग्न झाल्यापासून घरी विड्या वळते. पावसाळ्यात गल्लीत तापाची साथ आली, मलाही ताप आला, अंग मोडून गेलं. ताप उतरला, पण दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाशी सूज राहिली. तीन महिने झाले, कमी नाही. सकाळी कात्री धरता येत नाही, पान कापायला बसेपर्यंत नऊ-दहा वाजतात. पायातली जोडवी रुततात. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, युरिक अॅसिड ५.८, ईएसआर ५८, हिमोग्लोबिन ९.४. संधिवात नाही असं सांगितलं. सुई घेतली की चार दिवस बरं, मग परत तेच. जाऊ म्हणते युरिक अॅसिड आहे, डाळ सोड. आता आणखी तपासण्या लिहून दिल्यात. घरात म्हणतात, निगेटिव्ह आलंय तर परत पैसे कशाला? काय करू?

उत्तर : ताई, तपासण्या करा, आणि लवकर करा. आरए फॅक्टर ही आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा सांध्यांचा आजार, ओळखायला करतात ती रक्ततपासणी. ती निगेटिव्ह आली म्हणून आमवात नाही, असं म्हणता येत नाही. हा आजार असलेल्या दर चार-पाच जणांत एकाचा तरी आरए फॅक्टर निगेटिव्हच येतो. उलट, आजार नसताना तो पॉझिटिव्ह आलेली माणसंही असतात. टीबीत येतो, काविळीच्या काही विषाणूंमुळे येतो, उतारवयात नुसताच येतो. म्हणून मी आधी हात बघते, कागद नंतर.

तुमच्या पत्रात मला महत्त्वाचं वाटलं ते कात्रीचं. सकाळचा ताठरपणा तासाच्या वर टिकतो, दोन्ही हातांना सारखाच आहे, बोटांच्या मुळाशी आहे, पायाच्या बोटांतही आहे, आणि सहा आठवड्यांच्या कितीतरी पुढे गेला आहे. आता एक करून बघा. बोटाच्या मुळाची सुजलेली जागा अंगठ्याने हलके दाबा. मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली, तर सांध्याच्या आतलं अस्तर सुजलं आहे. वयोमानाच्या झिजेत सहसा नखाजवळच्या पेरावर टणक गाठ लागते. सकाळी उठल्या उठल्या दोन्ही हातांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दुपार होते, तोवर सूज उतरलेली असते आणि डॉक्टरांना खरा हात दिसतच नाही.

युरिक अॅसिडचं मनातून काढून टाका. बाईमाणसाला साधारण ६ पर्यंत चालतं, तुमचं ५.८ आहे. पाळी चालू असलेल्या बाईला गाऊट, म्हणजे युरिक अॅसिड साठून होणारी सांधेदुखी, क्वचितच होतो, आणि तो बहुधा एखाद्याच सांध्यात, पायाच्या अंगठ्यात, एका रात्रीत पेटतो. डाळ सोडू नका. हिमोग्लोबिन ९.४ असताना डाळ सोडायला लावणं मला अजिबात पटत नाही.

ईएसआरचं, म्हणजे अंगातली सूज सांगणाऱ्या रक्ततपासणीचं, थोडं समजून घ्या. तुमच्या वयाला तो २५ च्या आसपासपर्यंत चालतो. ५८ जास्तच आहे, पण रक्त कमी असलं तरी तो चढतो. म्हणून सोबत सीआरपी ही सुजेचीच दुसरी रक्ततपासणी करायची, तिच्यावर रक्तक्षयाचा तेवढा परिणाम होत नाही. खरा उपयोग अँटी-सीसीपीचा, ही आमवातासाठीच करायची आणखी एक रक्ततपासणी. ही तपासणी आरए फॅक्टरपेक्षा महाग असते, पण पॉझिटिव्ह आली तर आमवाताची शक्यता फार मोठी. तीही निगेटिव्ह आली आणि सूज राहिली, तर तज्ज्ञाने हात तपासूनच ठरवायचं. पावसाळ्यातल्या तापाचं सांगायला विसरू नका. चिकनगुनिया असेल तर त्याची सांधेदुखी महिनोन् महिने राहते आणि हुबेहूब आमवातासारखी दिसते. शिवाय दोन्ही हात आणि दोन्ही पावलं यांचे एक्स-रे काढा. आज त्यांत काही दिसणार नाही कदाचित, पण वर्षाने तुलना करायला तेच लागतात.

ती सुई कसली, हे चिठ्ठीवर लिहून मागा. चार दिवसांत उतरून परत येणारी सूज बघता स्टिरॉइड असावं असं वाटतं. त्याने सीआरपी आणि ईएसआर खाली येतात आणि रिपोर्ट फसवा निघतो. तेव्हा सुई घेतली असेल तर तारीख सांगा. वेदनाशामक गोळ्या रोज उपाशीपोटी घेत असाल तर त्या थांबवा, पोट आणि मूत्रपिंड दोन्ही धोक्यात येतात.

जायचं कुठे? निपाणीहून कोल्हापूर जवळ, तिथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मेडिसिन विभागात दाखवता येईल. बेळगावला यायचं तर जिल्हा रुग्णालय आहे, नेहरूनगरात केएलईचं रुग्णालय आहे. पण रेशन कार्डावरची उपचाराची योजना राज्याची असते, आणि निपाणी कर्नाटकात, कोल्हापूर महाराष्ट्रात. सीमा ओलांडण्याआधी तुमचं कार्ड तिथे चालेल का, हे फोनवर विचारून घ्या. जुने कागद सगळे एका पिशवीत घालून न्या.

आमवात ठरला तर बहुतेकदा मेथोट्रेक्सेट सुरू होतं. इथे मी हात जोडून सांगते, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जीवावर बेतते. चिठ्ठी इंग्रजीत असते, दुकानदार घाईत असतो. म्हणून बाजाराचा वार ठरवा आणि पाकिटावर मराठीत स्वतः लिहा. फॉलिक अॅसिड दुसऱ्या दिवशी, डॉक्टर सांगतील तसं. सुरू करण्याआधी यकृत, मूत्रपिंड, रक्तपेशी, काविळीचे विषाणू आणि छातीचा एक्स-रे बघतात, आणि नंतरही ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. मूल होण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, गरोदरपणात ही गोळी चालत नाही. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडलेली माणसं मी खूप बघितली आहेत, त्यांची बोटं वाकडी होताना बघवत नाही.

विड्या वळणं बंद करा असं मी म्हणणार नाही, घर त्यावर चालतं हे मला कळतं. सकाळी आधी कोमट पाण्यात हात धरून बोटं हळूहळू मिटा-उघडा, मग पान घ्या. थोड्या थोड्या वेळाने सूप बाजूला ठेवून हात सैल सोडा. सूज जास्त असेल त्या दिवशी कात्रीचं काम घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी द्या. मिश्री लावत असाल तर सोडा, हिरड्यांचं जुनाट दुखणं आणि हा आजार यांचा संबंध आढळला आहे. आणि एखादाच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप भरला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.