आधी गोदाम, मग दुकान

वाचकांचे प्रश्न. या वेळचे प्रश्न कॅनडाच्या उत्तर भागातल्या दुकानदारीबद्दल आहेत. उत्तरं देणारे सिव्हिल इंजिनिअर मूळचे सांगलीचे. निवृत्त होईपर्यंत ते विनिपेगमध्ये राहून उत्तरेकडच्या गावांत दुकानं बांधण्याचं आणि वाढवण्याचं काम बघत होते.

प्रश्न : शहाद्यात आमचं किराणा-भुसारचं दुकान आहे. भाचा कॅनडात नुनावुतमधल्या एका गावी दुकानाचा असिस्टंट मॅनेजर म्हणून लागलाय. गाव तीन हजार वस्तीचं. दुकान वाढवायचं ठरलंय, पण उद्‌घाटनाला अजून दोन उन्हाळे जातील म्हणतो. आम्ही मागची भिंत पाडून, वर पत्रे टाकून दिवाळीच्या आत दुकान दुप्पट केलं. पैसेवाल्या कंपनीला एवढा वेळ का लागावा? की कामचुकारपणा चाललाय?
— एक दुकानदार, शहादा

उत्तर : कामचुकारपणा नाही हो, बोटीचा हिशेब आहे.

नुनावुत हा १ एप्रिल १९९९ ला वेगळा झालेला प्रदेश. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सहापटीहून जास्त आणि माणसं, २०२१ च्या जनगणनेप्रमाणे, जेमतेम ३७ हजार. तीही २५ गावांत विखुरलेली. यातल्या एका गावातून दुसऱ्या गावी जायला रस्ता नाही, रेल्वे नाही. माणसं, दूध, भाजी विमानानं येतात. बाकी सगळं, म्हणजे पोलाद, प्लायवूड, डिझेल, स्नोमोबाइल आणि वर्षभराचा टॉयलेट पेपर, उन्हाळ्यात समुद्रानं. साधारण जुलै ते ऑक्टोबर पाणी मोकळं असतं, तेवढ्यात मोजक्या बोटी येऊन जातात. कोकणातली मंडळी पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करतात तशी ही बेगमी, फक्त आठ-नऊ महिन्यांची, आणि तिच्यात इमारतीचे खांबसुद्धा धरायचे.

बहुतेक गावांना धक्का नाही. जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहतं, सामान बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या बोटीवर, उतरतं, भरती साधून टग नावाची ओढणारी छोटी बोट ती बार्ज किनाऱ्याला लावते आणि मोठाले लोडर वाळू-दगडांतून पेट्या वर नेतात. राजधानीच्या इकलुइतला खोल पाण्याचं बंदर मिळालं ते २०२३ मध्ये. ओहोटी लागली की काम बंद, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात, पुढच्या भरतीला सगळे पुन्हा हजर.

एका गावी छताचे पत्रे आले आणि ते बसवायचे स्क्रू आलेच नाहीत. ठेकेदाराच्या यादीत होते, पेटीत नव्हते. शेवटची बोट गेलेली. स्क्रू विमानानं मागवले. लोखंडाचं वजन आणि विमानाचं भाडं यांचा गुणाकार तुम्ही दुकानदार आहात, तुम्हीच करा. म्हणून अशा कामात नकाशापेक्षा सामानाची यादी जास्त वेळा तपासतात, आणि ज्याच्याकडे यादी असते तो माणूस जूनमध्ये कुणाशी धड बोलत नाही.

आता जमीन. तिथं खालची माती बारा महिने गोठलेली असते. तिच्यावर थेट फरशी ओतून वर उबदार दुकान चालवलं, की दुकानाच्या उबेनं खालचा बर्फ वितळतो आणि इमारत एका अंगानं खचायला लागते. म्हणून भोकं पाडून पोलादी नळ्या खोल उतरवतात, भोवती वाळू-पाण्याचा रबडा ओततात आणि तो गोठून नळी पक्की धरेपर्यंत थांबतात. इमारत या पायांवर जमिनीपासून वर उचललेली, खालून वारा खेळता. किंवा मग खडीचा जाड थर देऊन त्यात उष्णता बाहेर खेचणाऱ्या नळ्या बसवतात. उचललेल्या दुकानाखालची ती मोकळी जागा बघून नव्या मॅनेजरच्या मनात पहिला विचार येतो तो रिकामी खोकी तिथं ढकलायचा. भाच्याला सांगा, तेवढं करू नकोस. वारा अडला की खालची थंडी गेली.

तर वेळापत्रक असं बसतं : पहिल्या उन्हाळ्यात भराव आणि पाये. दुसऱ्या उन्हाळ्याच्या बोटीनं सांगाडा, पत्रे, फ्रीजर. थंडी पडायच्या आत भिंती-छप्पर बंद करायचं आणि आतली कामं हिवाळ्यात उरकायची. एक बोट चुकली की वर्ष गेलं.

शिवाय हे वाढीव काम आहे, आणि माझ्या मते ते नव्या दुकानापेक्षा अवघड. गावात दुकानं एक नाहीतर दोन. बांधकाम चालू आहे म्हणून शटर ओढता येत नाही. भिंत फोडायची ती रात्री, सकाळी नऊला गिऱ्हाईक दूध न्यायला येणारच. जुने फ्रीजर चालू ठेवून नवे जोडायचे. गावाची वीज डिझेल जनरेटरची, त्यामुळे जादा भार मिळेल का हे आधी वीज कंपनीला विचारायचं. बहुतेक गावांत पाणी टँकरनं येतं आणि सांडपाणी टँकरनं जातं. आग विझवायच्या पाण्याची टाकीसुद्धा दुकानानं स्वतःची बांधायची. जागा विकत मिळत नाही, भाडेपट्ट्यानं घ्यावी लागते. गावठाणातली जमीन विकायला काढावी का, यावर १९९५ आणि २०१६ मध्ये लोकांचा कौल घेतला गेला. दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. बाहेरून बघणाऱ्याला हे अडचणीचं वाटतं, मला शहाणपणाचं वाटतं.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. भाच्याकडून नव्या दुकानाचा नकाशा मागवा. वाढलेल्या जागेतला मोठा हिस्सा मागच्या बाजूला दिसेल. तुमच्या शहाद्यात माल संपला तर धुळ्याला फोन केला की टेम्पो येतो, म्हणून तुम्ही पुढची जागा वाढवता. तिथं गोदाम लहान असेल तर पीठ, तांदूळ, डायपर, डबाबंद माल बोटीनं पुरेसा आणता येत नाही, उरलेला विमानानं येतो आणि तो भाडेवाढीचा बोजा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बसतो. दर्शनी भाग चकाचक करून गोदाम तेवढंच ठेवलेली दुकानं मी पाहिली आहेत. फीत कापताना फोटो छान येतात, फेब्रुवारीत कपाटं रिकामी. नोव्हेंबर २०१८ मध्ये इकलुइतच्या नॉर्थमार्ट या मोठ्या दुकानाचं गोदाम आगीत गेलं, तेव्हा तर गोदाम म्हणजे काय हे सगळ्या गावालाच कळलं.

आणि गोदामानंतर घरं. दुकान वाढलं की माणसं वाढतात. गावात भाड्यानं खोली मिळत नाही, घरांची टंचाई तिथली सगळ्यात जुनी तक्रार आहे. दुकानाच्या खर्चात बाहेरून येणाऱ्या नोकरांची घरं धरावीच लागतात. तुमचा भाचा सध्या कुणाबरोबर खोली वाटून राहतोय हे विचारलंत, तर काम का रखडतं याचा आणखी एक अंदाज येईल.

प्रश्न : तिकडच्या भावांचे फोटो बघून धक्का बसतो. एक कोबी, एक ज्यूसची बाटली, आणि किंमत ही! एकच दुकान असल्यामुळे कंपन्या लुटतात, असं सरळ का म्हणू नये?
— एक वाचक, पुणे

उत्तर : म्हणा की. तिथले लोकही म्हणतात. जून २०१२ मध्ये नुनावुतच्या गावागावांत बायाबापड्या फलक घेऊन दुकानांसमोर उभ्या राहिल्या होत्या, आणि हे लोक ऊठसूट मोर्चे काढणारे नव्हेत.

पण हिशेबाच्या दोन्ही बाजू बघू. केंद्र सरकारची ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ ही योजना एप्रिल २०११ पासून आहे. ठरावीक पदार्थांवर किलोमागे अमुक इतकं अनुदान. गाव जितकं दूर तितका दर जास्त. पैसे दुकानदाराला मिळतात आणि त्यानं ते भावात उतरवायचे. सगळं उतरवतो का, हाच खरा वादाचा मुद्दा. माझं मत विचाराल, तर जिथं दोन दुकानं समोरासमोर आहेत तिथं जास्त उतरतं. अनेक गावांत कंपनीच्या दुकानासमोर सहकारी दुकान असतं. आपल्या सहकारासारखंच, सभासद गावकरी आणि फायद्यातला वाटाही सभासदांना. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला ते बघून परकं वाटत नाही.

इतिहासही थोडा ठेवा ध्यानात. कातड्यांच्या, म्हणजे फरच्या व्यापारासाठी १६७० मध्ये हडसन्स बे कंपनी निघाली. तिच्या वखारींतूनच उत्तरेकडची दुकानं झाली. १९८७ मध्ये कंपनीनं ही उत्तरेची दुकानं विकून टाकली, आणि घेणाऱ्यांनी १९९० मध्ये जुन्या प्रतिस्पर्ध्याचं, नॉर्थ वेस्ट कंपनीचं, नाव लावलं. गंमत बघा : मोठ्या शहरांतली हडसन्स बेची दुकानं २०२५ मध्ये दिवाळखोरीत बंद पडली आणि विकून टाकलेली खेड्यांतली दुकानं अजून चालताहेत. तेव्हा लहान गावात धंदा नाही, असं कुणी म्हणू नये. धंदा आहे, म्हणूनच भावाबद्दल जाब विचारायला हवा.

प्रश्न : मी ब्रॅम्प्टनला राहतो. थॉम्प्सन (मॅनिटोबा) इथं भारतीय किराणा दुकान काढावं असा विचार आहे. तिथं आपली बरीच मुलं नोकरीला आहेत म्हणे. चालेल का?
— ब्रॅम्प्टनहून

उत्तर : थॉम्प्सन म्हणजे निकेलच्या खाणीसाठी वसवलेलं शहर, वस्ती तेरा हजार, विनिपेगपासून साडेसातशे किलोमीटर, पण डांबरी रस्ता आहे. वर लिहिलेल्या बोटीच्या भानगडीतून तुम्ही सुटलात.

फक्त तेरा हजार हा आकडा धरून चालू नका. आजूबाजूच्या वस्त्यांतले लोक दवाखान्याला, बँकेला, शाळेच्या कामाला थॉम्प्सनलाच येतात आणि परत जाताना गाडी भरून खरेदी करतात. हिवाळ्यात आणखी दूरची गावं गोठलेल्या तळ्यांवरून काढलेल्या बर्फाच्या रस्त्यांनी जोडली जातात, साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत. पण थंडी उशिरा पडली की रस्ता उशिरा उघडतो. २०२४ च्या हिवाळ्यात असंच झालं. रेल्वेवरही पैज लावू नका. मे २०१७ मध्ये पुरानं उत्तरेकडच्या चर्चिल बंदराला जाणारी लाईन उखडली, ती दुरुस्त व्हायला २०१८ ची दिवाळी उजाडली.

तेव्हा आपली मुलं हे तुमचं पहिलं गिऱ्हाईक, एकमेव नव्हे. वीस किलोच्या तांदळाच्या गोण्या, पीठ, डाळी, मसाले यांवर सुरुवात करा. कोरडा माल रस्ता बंद झाला तरी कुजत नाही. कढीपत्ता, कोथिंबीर, मिरची पहिल्या हिवाळ्यात नकोच. उणे पस्तीसला ट्रकच्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंत वीस पावलं असतात, आणि तेवढ्यात कोथिंबीर काळी पडते. मी एकदा केळ्यांची खोकी घोंगड्यांत गुंडाळून पळत आत नेणारी पोरं पाहिली आहेत. तरीही वरची फणी गेलीच.

जागा बघायला जाल तेव्हा जानेवारीत जा. उन्हाळ्यात सगळी दुकानं चांगली दिसतात. मागच्या दाराशी बर्फ साचतो की वाऱ्यानं उडून जातो, ते बघा. आत शिरताना दोन दारांमधली खोली आहे का, माल उतरवायची बाजू बंदिस्त आहे का, ते बघा. दर्शनी काच किती मोठी आहे हे घरमालक आपणहून दाखवेल.

प्रश्न : मुलगी नुनावुतमध्ये नर्स आहे. दिवाळीचा फराळ तिथपर्यंत पोचेल का?
— एक आई, मिरज

उत्तर : पोचेल, टपाल विमानानं जातं. पण धुकं, वादळ आलं की विमान दोन-चार दिवस तळावरच बसतं, तेव्हा नवरात्राच्या आत टाका. शंकरपाळे, बेसनाचे लाडू, भडंग पाठवा. पेढे-बर्फी नको. चकल्या पाठवायच्याच असतील तर डब्यात दाबून भरा आणि रिकाम्या जागेत चिवडा ओता. चिवड्यात शेंगदाणे घालत असाल तर जास्तच घाला, तिथं ते महाग पडतात.