‘परत’ गेलेले आणि ‘परत’ आलेले

सांगलीतील एका हळद-बेदाणा व्यापाऱ्यांनी विचारले आहे की, त्यांच्या दुकानाच्या संकेतस्थळाचा जो मासिक अहवाल मराठीत येतो त्यात ‘परतीचे प्रमाण ६२ टक्के’ असे छापलेले असते. शंभरातली बासष्ट गिऱ्हाइके पुन्हा येतात असा अर्थ घेऊन ते वर्षभर निश्चिंत होते. तो आकडा ‘बाउन्स रेट’चा, म्हणजे आल्या पावली निघून गेलेल्या भेटींच्या प्रमाणाचा आहे, हे त्यांना आता कळले. मग चूक वाचण्यात झाली की शब्दात, आणि त्या जागी कोणता शब्द असावा?

चूक शब्दात आहे. ‘पुस्तक परत दे’ यात ‘परत’ म्हणजे मागे, आणि ‘ते गाणे परत म्हण’ यात ‘परत’ म्हणजे पुन्हा. सोबत क्रियापद असते तोवर काही अडत नाही, कारण ‘परत गेला’ आणि ‘परत आला’ यांत कोणाचाच घोटाळा होत नाही. पण क्रियापद गाळून ‘परतीचे’ किंवा ‘परतणारे’ असे केले की दिशा ऐकणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहते. ‘परतीचा पाऊस’ हा निघून जाणारा पाऊस, हे तासगावच्या द्राक्षबागायतदाराला सांगावे लागत नाही. भाषांतरकाराच्या मनात तोच अर्थ असणार. दुकानदाराच्या कानाला मात्र परतणारे गिऱ्हाईक म्हणजे पुन्हा पायरी चढणारे गिऱ्हाईक. त्यात अशा अहवालात पुन्हा आलेल्यांचाही वेगळा आकडा असतो, म्हणजे दोन विरुद्ध गोष्टींना एकच शब्द लागू शकतो.

‘उसळी’ हा शब्दशः पर्याय मला अजिबात पटत नाही. उसळी भाव घेतो किंवा चेंडू घेतो. ‘विन्मुख’ सुंदर आहे, पण त्यात याचकाची निराशा आहे. माझ्या मते आपल्याकडे रोज बोलला जाणारा ‘माघारी’ हा शब्द येथे नेमका बसतो. ‘गिऱ्हाईक दारातून माघारी गेले’ हे सातारा-सांगलीत कोणालाही उलगडून सांगावे लागणार नाही. ‘माझ्या माघारी’ म्हणजे माझ्या गैरहजेरीत, असाही एक अर्थ आहे खरा, पण जाण्याफिरण्याच्या क्रियापदाशेजारी तो आड येत नाही. म्हणून ‘माघारी गेलेल्या भेटी’ आणि ‘पुन्हा आलेले’ अशी जोडी ठेवावी, आणि ‘परत’ला या अहवालातून रजा द्यावी.

‘गेलेले’ न म्हणता ‘गेलेल्या भेटी’ म्हणण्याला कारण आहे, कारण येथे मोजली जाते ती भेट, माणूस नव्हे. संकेतस्थळावरच्या भेटी मोजणाऱ्या ‘गूगल ॲनालिटिक्स’ या सेवेच्या जुन्या पद्धतीत एकच पान पाहून संपलेली भेट ‘बाउन्स’ ठरत असे, मग वाचकाने ते पान पाच मिनिटे मन लावून वाचलेले का असेना. १ जुलै २०२३ पासून त्या पद्धतीतली नोंद थांबली. नव्या पद्धतीत भेट १० सेकंदांहून अधिक टिकली, किंवा दुसरे पान उघडले गेले, किंवा दुकानदाराने महत्त्वाची म्हणून नेमून दिलेली एखादी कृती घडली, तर ती भेट गुंतलेली धरतात. उरलेल्या त्या बाउन्स. नव्या मोजणीला ‘माघारी’ जास्त शोभतो, कारण तो उंबरठ्यावरूनच फिरणे सांगतो. ‘पुन्हा आलेले’ हाही आकडा ब्राउझर ओळखून निघतो, त्यामुळे एकच गृहस्थ मोबाइलवरून आणि कचेरीतल्या संगणकावरून आले तर बहुधा दोन नवे पाहुणे म्हणून मोजले जातात.

प्रश्नकर्त्यांचे संकेतस्थळ मी मोबाइलवर उघडून पाहिले. बेदाण्याच्या पानावर भलेमोठे छायाचित्र सावकाश उतरते, दर त्याच्या खाली दोनदा बोट सरकवल्यावर दिसतो, आणि कुरिअरचा खर्च अगदी पैसे भरताना कळतो. हळदीच्या पानावर सांगलीच्या हळदीला २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची दोन ओळींची माहिती आहे; तेवढीच शोधत आलेला माणूस ती वाचून काही सेकंदांत निघून गेला, तर त्याचे काम झालेले असते, आणि तरीही त्याची भेट माघारीतच जमा होते. म्हणून अहवालात ‘माघारी गेलेल्या भेटी’ हा रकाना पानवार मागून घ्यावा, आणि त्यात बेदाण्याच्या दराचे पान सर्वांत आधी पाहावे.