रिकामे बाक, नवे पाळक

प्रश्न : जालन्याजवळच्या आमच्या गावातल्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला दहा-बारा म्हातारी माणसंच उरलीत. नव्या पाळकांनी (पाद्र्यांनी) सुरुवात कुठून करावी?

उत्तर : मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, वहीपासून. घरोघर जाऊन वारलेले, पुण्याला गेलेले, रुसलेले अशी नावं वेगळी काढा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं गळालेली धरू नका; महिन्यातून एकदा फडावर जाऊन संध्याकाळी प्रार्थना घ्या. रुसव्यामागे बहुधा वर्गणीचा संशय असतो, म्हणून जमाखर्च दरमहा फळ्यावर लावा. पहिले सहा महिने उपासनाक्रम बदलू नका. गिटार आणली की म्हातारे तुटतात, अन् तरुण गावात असतात कुठे? त्यापेक्षा ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-टाळांवर बसवा, मुलांच्या हाती टाळ द्या.