मराठी माध्यमातून शिकलोय. नियमांचा तक्ता तोंडपाठ आहे, तरी डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना नेहमी चुकतं. रिपोर्टेड स्पीच कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की नियमांचा तक्ता तोंडपाठ आहे, तरी कृतिपत्रिकेत वाक्य समोर आलं की हात थांबतो. तो तक्ता थोडे दिवस मिटून ठेवा. मी लातूरला बारावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेतो. नियम बहुतेकांना येतात, पण ते कशासाठी आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

रिपोर्टेड स्पीच म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याला निरोपासारखं सांगणं. आपण मराठीत निरोप सांगताना समोरच्याचे शब्द जसेच्या तसे उचलून आणतो. 'मामा म्हणाले की मी उद्या येतो.' मधे 'की' आला तरी 'मी' म्हणजे मामाच, आणि 'उद्या' हा मामांचा उद्या. इंग्रजीत निरोप सांगणारा स्वतःच्या जागेवरून आणि स्वतःच्या वेळेवरून बोलतो, म्हणून मामांचा 'आय' त्याच्या तोंडी 'ही' होतो. काळ का बदलतो, त्याचंही उत्तर इथेच आहे.

2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. गल्लीत सगळ्यांचं लक्ष टँकरकडे. समजा सोमवारी टँकरवाला म्हणाला, 'द टँकर विल कम टुमॉरो.' त्याच संध्याकाळी तुम्ही शेजारच्या काकूंना 'ही सेड द टँकर विल कम टुमॉरो' म्हणालात तरी बोलण्यात ते चालतं, कारण उद्या अजून यायचाय. पण शुक्रवारी तेच वाक्य तसंच सांगितलंत, तर काकू शनिवारी घागरी घेऊन उभ्या राहतील! तेव्हा म्हणायचं, 'ही सेड दॅट द टँकर वुड कम द नेक्स्ट डे.' टँकर आला की नाही, ते 'वुड' सांगत नाही. बोलणाऱ्याच्या त्या दिवसापासून पुढची गोष्ट, एवढंच ते सांगतं. परीक्षेत मात्र 'सेड' दिसलं की काळ मागे न्यायचा, कारण निरोप कधी सांगितला जातोय ते तिथे दिलेलं नसतं. सूर्य पूर्वेला उगवतो, अशी कायम खरी असणारी गोष्ट तशीच ठेवली तरी चालते.

प्रश्नांत मुलं सगळ्यात जास्त घसरतात. 'व्हेअर आर यू गोइंग?' याचं 'शी आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग' असं लिहितात. मनात मराठीत म्हणून बघा: 'मी कुठे निघालोय ते तिने विचारलं.' हा आता प्रश्न राहिलाच नाही, साधं विधान झालं. म्हणून 'व्हेअर आय वॉज गोइंग' आणि शेवटी पूर्णविराम. 'जेवलास का?' यातल्या 'का'चं काम 'इफ' करतो: 'शी आस्क्ड मी इफ आय हॅड ईटन.' आपण 'तिने विचारलं की जेवलास का' म्हणतो, म्हणून पुष्कळ जण 'दॅट इफ' लिहून बसतात. तो 'दॅट' आपल्या 'की'मधून आलेला आहे, काढून टाका.

आज्ञेच्या वाक्यात मात्र मराठी तुमच्याच बाजूने आहे. 'आईने दळण आणायला सांगितलं', यातलं 'आणायला' म्हणजे सरळ 'टू ब्रिंग'. उन्हात जाऊ नको म्हणाली असेल, तर 'शी टोल्ड मी नॉट टू गो आउट इन द सन'. आणि 'मला म्हणाला' याचं 'सेड मी' कधीच होत नाही. 'टोल्ड मी' किंवा 'सेड टू मी'.

आता सरावाचं. रोज रात्री घरात खरोखर बोललेली तीन वाक्यं वहीत लिहा: एक सांगितलेलं, एक विचारलेलं, एक करायला लावलेलं. आजी 'कुठं निघालास?' म्हणाली असेल तर तेच घ्या. ही वाक्यं आठ दिवसांनी एखाद्या मित्राला कळवताय असं समजून इंग्रजीत लिहा. कोण बोललं, कुणाशी, कधी, हे तुम्हाला ठाऊक असतं, त्यामुळे सर्वनाम आणि काळ अंदाजाने टाकावे लागत नाहीत. महिनाभर हे केल्यावर तक्ता पुन्हा उघडा.